तिसऱ्या पिंपाशेजारी

योलानने मेणबत्ती पुढे धरली आणि ती तळघराच्या पायऱ्या उतरू लागली. मागून तिचा नवरा वेंडेल आणि खालच्या मळ्यातली शारोल्ता काळ्या प्लॅस्टिकचा टब दोन बाजूंनी धरून येत होते. टबात वीतभर पाणी, पाण्यात जाळीची कुंडी, कुंडीत तळ्याचा चिखल आणि चिखलात कुठेतरी निळ्या कमळाचा कंद होता. दर पायरीला पाणी हिंदकळत होते आणि दर पायरीला शारोल्ता म्हणत होती, "सावकाश, सावकाश."

ऑक्टोबर संपत आला होता. पिंपांतला रस अजून पुरता निवला नव्हता. बुचांत बसवलेल्या नळ्यांतून मधूनच बुडबुडा फुटल्याचा आवाज येई. या दिवसांत टेकडीवरचे कोणीही मेणबत्तीशिवाय तळघरात उतरत नसे. आंबणाऱ्या रसाची जड हवा जमिनीलगत साचते. ज्योत विझली की हातातले काम टाकून मागे फिरायचे, हे इथे मूल चालायला लागले की शिकवतात.

"ज्योत?" वेंडेलने वरून विचारले.

"ठीक आहे."

शेवटच्या पायरीवरून योलान बाजूला झाली. टब तिच्याजवळून गेला तेव्हा तिने श्वास रोखला. चिखलाला जुन्या मासळीसारखा वास होता. तो तिला अंगणातच, फाटक उघडले तेव्हापासून येत होता. आता वेंडेल थांबेल, टब खाली ठेवेल, मान हलवेल आणि म्हणेल, हे जमायचे नाही बाई, असे तिला वाटले.

वेंडेलने दुसऱ्या आणि तिसऱ्या पिंपामधला स्टूल पायाने सरकवला आणि टब त्या जागी नीट बसवला.

"इथं बरं राहील," तो म्हणाला. "अकरा अंश. हिवाळाभर काटा हलत नाही."

"मला फार संकोच वाटतोय," शारोल्ता म्हणाली. "तुमच्या वाइनशेजारी हा गाळ. वास नाही ना व्हायचा?"

"कसला वास?" वेंडेल म्हणाला.

योलानच्या हातातल्या मेणबत्तीचे मेण तिच्या अंगठ्यावर सांडले. तिने हात हलवला नाही.

चौतीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या शरदात, तिने आंबवलेल्या कोबीची बरणी याच जागी आणून ठेवली होती. वेंडेलने वरच्या पायरीवरूनच ओळखले होते. खाली येऊन त्याने बरणी उचलली आणि एक शब्दही न रागावता वर अंगणात नेऊन ठेवली. वाइन तान्ह्या पोरासारखी असते, तो म्हणाला होता, जवळ काय असेल ते सगळे ओढून घेते. तेव्हापासून या तळघरात बटाटा आला नाही, कांदा आला नाही, रॉकेलचा कंदील आला नाही. योलानची बरणी अंगणातल्या पत्र्याच्या खोपटात राहिली. कडक थंडीत कोबी गोठे. दोन बरण्या तडकल्या होत्या, एक तिच्या आईची होती.

टेकडीवर वेंडेलला 'नाक' म्हणत. तोंडावरही म्हणत आणि त्याला ते आवडे. कोणाचे पिंप बिघडू लागले, कोणाच्या लाकडाला बुरशी धरली, हे तो पेला तोंडाला न लावता सांगे.

*

शारोल्ता बुडापेस्टची. दातांची डॉक्टर होती, निवृत्त झाली, नवरा गेला, आणि दोन वर्षांपूर्वी तिने खालचा मळा विकत घेतला. पहिल्याच वसंतात तिने द्राक्षांच्या सहा ओळी उपटल्या आणि तिथे तळे खणले. टेकडीवर यावर एक अख्खा उन्हाळा बोलणे झाले. सर्वांत जास्त वेंडेल बोलला होता. पन्नास वर्षांचे वेल उपटून बेडूक पाळणारी बाई, असे तो म्हणे.

मग यंदाच्या ऑगस्टमध्ये वेंडेल अक्रोडाच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून पडला. योलान त्या दिवशी बाजारात गेली होती. शारोल्ताने आवाज ऐकला, तिनेच त्याला गाडीत घालून जिल्ह्याच्या इस्पितळात नेले. डोक्याच्या मागे सात टाके पडले, तीन दिवस ठेवून घेतले. तो घरी आला तो गप्प होऊनच. पुढे टाके सुकले तसा तो खालच्या मळ्यात जाऊ लागला.

ऑक्टोबरभर तो शारोल्ताच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा असलेला योलानला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. साध्या कमळांची पाने कापून कुंड्या त्याने तळ्याच्या सर्वांत खोल भागात उतरवल्या, बर्फ पोचणार नाही तिथे. पानगळीसाठी वरून जाळे ताणले. काठचे बोरू मात्र कापले नाहीत. बर्फ धरला की त्या पोकळ काड्यांतून तळे श्वास घेते. हे सगळे शारोल्ता काठावरून पुस्तक वाचून सांगत होती आणि वेंडेल ऐकत होता. चौतीस वर्षांत योलानने त्याला कोणाचे ऐकताना पाहिले नव्हते.

निळे कमळ तेवढे उरले होते. ते उष्ण देशातले. त्याला बर्फाखाली, तळ्याच्या तळाशीही जगता आले नसते.

त्यानंतर दर गुरुवारी दहा वाजता शारोल्ता येऊ लागली. कंदावर दोन बोटे पाणी आहे ना ते बघायचे, कमी असेल तर घालायचे, चिखलात बोट घालून कंद टणक आहे ना ते चाचपायचे. एवढे काम. पाच मिनिटांचे. वेंडेल किल्ली आणि दोन पेले घेऊन बरोबर जाई आणि दोघे अर्ध्या तासाने वर येत. एकदा पस्तीस मिनिटांनी.

एका गुरुवारी योलान शारोल्ताच्या धुतलेल्या बादलीचे निमित्त करून खाली गेली. शारोल्ता स्टुलावर बसून वाइनचा घोट घेत होती. वेंडेल तिच्यासमोर उभा होता, इतका जवळ की त्याची सावली तिच्या मांडीवर पडली होती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. पापणीही न हलवता बघत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एखादे बारीक अक्षरातले पत्र वाचावे तसे. योलानकडे त्याने असे कधी बघितले असेल, तर ते तिला आठवत नव्हते.

"बादली," योलान म्हणाली.

"ठेव तिथं," वेंडेल म्हणाला. मान न वळवता.

*

योलान हिशेबी बाई होती. तिने एकेक गोष्ट आठवून जागेवर लावली.

सप्टेंबरात आलुबुखाराचा मुरांबा ढवळायला वेंडेलला बसवले होते. तो कढईपासून दोन हातांवर वर्तमानपत्र वाचत बसला आणि मुरांबा खाली करपून कोळसा झाला. धूर शेजारच्या अंगणात गेला, शेजारीण ओरडत आली, तेव्हा त्याने वर बघितले. "मन कुठं होतं तुझं?" योलानने विचारले होते. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली होती.

कलोनचे अत्तर तो पूर्वी फक्त नाताळात आणि ईस्टरला लावत असे. आता रोज लावू लागला, आणि एवढे की चर्चमध्ये पुढच्या बाकावरची बाई वळून बघे.

नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी टेकडीवर नवी वाइन उघडतात. त्या दिवशी पहिला पेला वेंडेलच्या हातात देण्याची रीत होती. यंदा सर्दी झालीय म्हणून तो अर्ध्या तासात उठून आला. घरी आल्यावर तो एकदाही शिंकला नाही. संध्याकाळपर्यंत खिडकीत बसून खालच्या मळ्याकडे बघत राहिला.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी डुक्कर कापले. वेंडेलची बहीण गिझी पहाटेच आली. शेजारचे दोन गडी आले. शारोल्तालाही बोलावले होते. कोणी बोलावले हे योलानने विचारले नाही.

दुपारी सॉसेजचे मांस लाकडी परातीत मळून तयार झाले. लसूण, तिखट, मिरी, मीठ. या घरात इथून पुढचे काम वेंडेलचे. तो मूठभर कच्चे मांस उचलून नाकाशी धरी आणि म्हणे, लसूण कमी, किंवा म्हणे, भरा. त्याने म्हटल्याशिवाय कोणी मांस आतड्यात भरायला घेत नसे. योलानने परात त्याच्यापुढे ढकलली.

वेंडेलने परातीकडे बघितले. मग त्याने एक छोटी वडी थापून तव्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी भाजली, बशीत घातली आणि बशी शारोल्तापुढे धरली.

"पाहुण्यांनी आधी," तो म्हणाला.

गिझीने योलानकडे बघितले.

"अहो, मला काय कळतं?" शारोल्ता हसली. तिने घास घेतला. वेंडेल तिच्या तोंडाकडे बघत होता, तसाच, तळघरात बघत होता तसा. "छान आहे. लसूण थोडा... नाही, मी कशाला बोलू."

"बोला ना."

"थोडा कमी वाटतो. का हो?"

"बरोबर," वेंडेल म्हणाला. "कमीच आहे." आणि त्याने लसणाची वाटी उचलली.

नंतर भांडी घासताना गिझी म्हणाली, "काय गं, तुमच्या तळघरात आता वाइन होते की कमळं पिकतात?"

"दोन्ही."

"माझ्या भावाचं नाक गेलं कुठं? दाताच्या डॉक्टरणीला चव विचारतोय."

"नाक जागेवर आहे," योलान म्हणाली. "डोळे गेलेत."

"चाळीस वर्षं बाईनं लोकांची तोंडं उघडून बघितली. आता घरं उघडून बघतेय. आणि तू बघत बस."

"मी बघत बसलेली नाही. मी भांडी घासतेय. ती कढई पुस."

*

दुसऱ्या दिवशी वेंडेल चर्चहून परस्पर कोणाकडे गेला असताना योलानने खोपटातली कोबीची बरणी उचलली. बावीस किलो होती. पायऱ्यांवर तीन वेळा टेकवली. टबाच्या मागे, भिंतीशी, पिंपाच्या सावलीत तिने ती ठेवली आणि वर पोते टाकले. पोत्याने डोळ्यांपासून बरणी लपली असती. वास लपला नसता. झाकण काढले की तळघरभर होईल असा तो वास होता आणि तिने झाकण मुद्दाम तिरके ठेवले होते.

तो पहिल्या पायरीवरून ओळखेल. मग तिला हवे ते भांडण होईल. टबाला जागा आहे आणि माझ्या बरणीला नाही का, हे वाक्य तिने तयार ठेवले होते.

वेंडेल दुपारी तळघरात गेला, संध्याकाळी आला, किल्ली खुंटीला लावली, सूप प्यायला. काही बोलला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी तिने त्याला सरळ विचारले, "खाली सगळं ठीक?"

"ठीक. का?"

तेव्हा योलानला वाटले की हे भांडणापेक्षा वाईट आहे. ज्याला घरात अजून काही राखायचे असते तो भांडतो.

गुरुवारी शारोल्ता आली, दोघे खाली गेले, वर आले. दारात हातमोजे घालताना शारोल्ता म्हणाली, "योलान, तुमच्या कोबीचा वास काय सुंदर येतोय खाली! माझ्या आजीच्या घराची आठवण झाली."

वेंडेल तिच्या मागे उभा होता. त्याने तळघराच्या दाराकडे बघितले, मग योलानकडे. त्याचा चेहरा एकदम उतरला, ओठांचासुद्धा रंग गेला.

"मीच म्हटलं तिला," तो म्हणाला. "ठेव म्हटलं, खोपटात गोठतो."

"किती चांगलं केलंत," शारोल्ता म्हणाली.

तो खोटे बोलत होता. त्या बाईसमोर चांगला नवरा दिसावा म्हणून तो खोटे बोलत होता आणि तेही इतके सहज. ती आत गेली आणि चुलीत गरज नसताना दोन लाकडे सरकवली.

*

नाताळनंतर शारोल्ता बुडापेस्टला गेली. मुलीचे बाळंतपण होते, जानेवारी संपेपर्यंत येणार नव्हती. जाताना तिने वेंडेलला पुन्हा सगळे सांगितले. दोन बोटे पाणी. बोटाने चाचपायचे. "आणि कंद सडायला लागला तर पहिल्यांदा वास येतो. वास आला की लगेच काढायचा, सडका भाग पांढरं लागेपर्यंत कापायचा, कोळशाची पूड लावायची. वाळूत ठेवायचा. उशीर झाला तर गेला. माझ्या नवऱ्यानं आणलेला आहे हो, शेवटचा."

"लक्ष ठेवतो," वेंडेल म्हणाला.

त्याने ठेवलेही. रोज सकाळी जाई. रविवारी जेवणानंतर फोन वाजे आणि तो बैठकीच्या खोलीत उभ्यानेच बोले. योलान दाराआड ताटे पुसत ऐके.

"चांगलं आहे. हो, पाणी घातलं. नाही, नाही, वास कसला, काही नाही."

थंडी वाढली. खालच्या मळ्यातले तळे काचेसारखे घट्ट झाले, बोरूच्या काड्या त्यातून उभ्या होत्या. वीस जानेवारीला सकाळी उणे तेरा होते. वेंडेल संत विन्सच्या दिवसाची तयारी ठरवायला टेकडीवरच्या लोकांकडे गेला. त्या दिवशी, बावीसला, सगळे एकेका तळघरात जाऊन पिंपे चाखत आणि सुरुवात दरवर्षी वेंडेलच्या तळघरापासून होई.

योलानने खुंटीवरची किल्ली घेतली. तिने सगळे नीट ठरवले होते. टब वर आणायचा. दाराबाहेर तासभर ठेवायचा. परत नेऊन जागेवर ठेवायचा. कोणाला काही कळणार नव्हते. वसंतात कमळ नुसते जागे झाले नसते. उष्ण देशातली झाडे, लोक म्हणाले असते, त्यांचा काय भरवसा.

चौथ्या पायरीवर ती थांबली.

वास एवढा होता की तिच्या डोळ्यांत पाणी आले. कोबीचा नव्हता; कोबीचा वास त्याच्या मागे कुठेतरी दबून गेला होता. हा मेलेल्या गोष्टीचा वास होता. तिने नाकाला पदर लावावा तसा गळ्याचा रुमाल लावला, खाली गेली, दिवा लावला आणि बाही वर करून टबात हात घातला. पाणी स्वच्छ होते, कंदावर मोजून दोन बोटे. तिचे बोट चिखलात गेले आणि मग कंदातही गेले, अडलेच नाही.

संपले होते. तिला काही करावेच लागले नव्हते.

ती स्टुलावर बसली. हात पोत्याला पुसला. आता तो आला की म्हणायचे, गेले तुझ्या बाईचे कमळ. पाणी तेवढे मोजत होतास रोज. आज सकाळीसुद्धा तू इथे...

आज सकाळीसुद्धा तो इथे आला होता. टबात ताजे पाणी होते. पिंपावर त्याचा पेला होता, तळाशी अजून थेंब होता. या वासात उभे राहून त्याने वाइन ओतली होती आणि प्यायली होती. परवा रविवारी फोनवर म्हणाला होता, वास कसला, काही नाही.

योलान उठली. तिने बरणीवरचे पोते काढले, झाकण काढले आणि बरणीवर वाकली. सरळ झाली. वेंडेलचा पेला उचलून नाकाशी धरला, खाली ठेवला. मग बराच वेळ ती पायऱ्यांकडे बघत राहिली. वरची पायरी, जिथून चौतीस वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, कोबी आहे.

करपलेला मुरांबा. चर्चमध्ये वळून बघणारी बाई. न आलेली शिंक. परातीकडे बघताना तो थांबला होता तो क्षण. आणि त्याआधी, सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट, डोक्याच्या मागे सात टाके.

ती परत स्टुलावर बसली. याच स्टुलावर ती बाई बसत होती आणि तो समोर उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. घोट घेतल्यावर तिच्या भुवईचे काय होते, नाकपुडीचे काय होते, ओठ कुठे मुडपतात. तिला वाइनमधले काही कळत नव्हते, म्हणून तिला काही लपवताही आले नसते. आणि तिला काही शंकाही आली नसती. टेकडीवर अशी ती एकटीच होती.

पाच महिने, योलानने मोजले. पाच महिने तो रोज तिच्या हातचे जेवला होता आणि म्हणाला होता, छान झालंय. त्याने परक्या बाईच्या चेहऱ्यावर काम चालवून घेतले, पण आपल्या बायकोला सांगितले नाही. हा मत्सर आधीच्यापेक्षा निराळा होता.

बावीस तारखेला चौदा माणसे या पायऱ्यांवरून उतरणार होती. चौथ्या पायरीवर सगळ्यांना कळले असते. दुपारपर्यंत टेकडीला, संध्याकाळी गिझीला.

तिने स्वयंपाकघरातून धारदार सुरी, वाळूची कुंडी आणि चुलीतला गार कोळसा आणला. चिखल बादलीत भरून मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकला, चार खेपा. कंद धुतला. मूठभर होता, त्यातला तपकिरी लिबलिबीत भाग ती कापत गेली. कापत गेली तसे आणखी तपकिरी निघत गेले. एकदा तिने सुरी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. शेवटी अक्रोडाएवढा तुकडा उरला आणि तो पांढरा होता, कापल्यावर त्याला कच्च्या बटाट्यासारखा वास आला. तिने त्याला चारी बाजूंनी कोळशाची पूड चोळली आणि ओलसर वाळूत पुरला.

टब घासून उन्हात उपडा घातला. दार आणि वरचा झरोका सताड उघडला. मग तिने कोबीची बरणी उचलली आणि तीन वेळा टेकवत वर नेऊन खोपटात ठेवली.

परत आली तेव्हा हवा बरीच निवळली होती. तिने काचेची लांब नळी घेतली, जिने पिंपातून वाइन ओढतात, आणि पहिल्या पिंपापासून सुरुवात केली. ही नळी तिने यापूर्वी फक्त धुतली होती.

*

वेंडेल अकराच्या सुमाराला आला. उघडे दार बघून तो पायऱ्यांवरून भराभर उतरला आणि खाली येऊन थांबला. टबाच्या जागी वाळूची कुंडी होती. योलान तिसऱ्या पिंपाजवळ उभी होती, हातात पेला.

"काय झालं?"

"कमळ सडायला लागलं होतं. काढून साफ केलं. जगेल बहुतेक."

वेंडेल कुंडीकडे बघत राहिला.

"सडलं होतं?" त्याने विचारले. "म्हणजे, खूप?"

"नुकतंच लागलं होतं. वास यायच्या आत सापडलं."

तो तिच्याकडे बघू लागला. उघड्या दाराकडे बघितले, झरोक्याकडे बघितले, तिच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे बघितले. झरोक्यातून येणारी थंडी दोघांच्या मधून वाहत होती. त्याच्या कलोनचा वास तिला येत होता, आणि ते किती जास्त झाले आहे हे सांगणे तिने आजपुरते राहू दिले.

"पहिलं चांगलं आहे," योलान म्हणाली. "दुसरंही. तिसऱ्यातली परवा कोणाला देऊ नकोस."

"का?"

तिने पेला पुढे केला. वेंडेलने तो घेतला. सवयीने मनगट फिरवले, वाइन काचेवर गोल चढली, आणि त्याने पेला नाकाशी धरला. डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली. टेकडीवरचे लोक ज्याची नक्कल करत, अगदी तसे. तो तसाच उभा राहिला. योलान थांबली. वर अंगणात कोणाची तरी कोंबडी ओरडत गेली.

वेंडेलने डोळे उघडले आणि पेला तिच्या हातात परत दिला.

"कसला वास येतोय?" त्याने विचारले.

योलानने पेला नाकाशी नेला. घाई केली नाही.

"तळ्याचा. अगदी थोडा, शेवटी येतो. पिंप बदललं आणि हवा दिली तर ईस्टरपर्यंत जाईल." तिने आणखी एकदा वास घेतला. "खाली चेरी आहे. ती चांगली आहे, गेल्या वर्षीपेक्षा चांगली."

वेंडेल स्टुलावर बसला. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले आणि चेरीचे ऐकून मान हलवली.

"परवा तू माझ्या शेजारी उभा राहा," योलान म्हणाली. "पेला आधी माझ्या हातात दे. बायकोला मान देतोय म्हण." मग तिने पेला पिंपावर ठेवला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिची सावली त्याच्या मांडीवर पडेल इतकी जवळ. "आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघणं बंद कर. तिला वाइनमधलं काही कळत नाही."